मंदाच्या पदरावर माझी नजर

माझी धाकटी जाऊ मंदा आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसली, त्या सकाळी मी वारूळवाडीच्या घरी गोठ्यातलं शेण काढत होते. तिकडे ती ढगांच्या वर आणि इकडे माझ्या डोक्यावर पाटी. घरात थोरली मी. लग्न माझं आधी, लेकरं माझी आधी, सासूबाईंची बोलणी खाण्याचा मानसुद्धा माझाच आधी. आणि विमानात आधी कोण? तर निरगुडसरची ही मंदा! का, तर माझा धाकटा दीर दत्तू सैन्यात, त्याला लेहला क्वार्टर मिळालेलं. तिला एसटीत बसवताना मी डोळ्यांना पदर लावला, तो रडू आलं म्हणून नव्हे. चेहरा कसा झालाय ते कुणाला दिसू नये म्हणून.

ही नव्वद सालानंतरची गोष्ट. आता माझी नात मोटरसायकलवर बसून लेहला जाते आणि तिथून फोटो पाठवते. मी तिला फोनवर म्हणते, "पहिल्या दिवशी खाटेवरनं उठायचं न्हाई. पाणी पीत राहा. डोकं दुखलं तर वर जायचं न्हाई." ती म्हणते, "आजी, तुला बरं माहीत गं!" माहीत मला नव्हतंच. माहीत मंदाला होतं. तिने ते इतक्या वेळा ऐकवलं, की तिच्यावर चिडता चिडता मला पाठ झालं.

दोन वर्षांनी ती परत आली ती गालांवर लाली आणि खांद्यावर हिरवी फौजी पाण्याची बाटली घेऊन. ती बाटली पुढे कधी उतरलीच नाही. कांदा काढायला जाताना बाटली, लग्नाला जाताना बाटली, आणि सासूबाईंच्या दहाव्यालाही काळ्या काठाच्या लुगड्यावर ती हिरवी बाटली. "तहान लागायच्या आधी प्यायचं," हे तिचं पालुपद. दुसरं म्हणजे तिची चाल. साधा माडीचा जिनाही ती नव्या नवरीच्या हळदीच्या पावलांनी, सावकाश चढायची. आणि तिसरं, पदर. दोन टाचण्या, एक खांद्यावर, एक कमरेशी. भर टोमॅटोच्या तोडणीतही तो पदर तसूभर हलायचा नाही. माझा पदर दिवसभर कुठे कुठे लोळायचा. तिच्या पदरात काही खोट सापडते का, ते बघण्यात माझी निम्मी हयात गेली. खोट सापडली नाही.

एकदा आम्ही दोघी लेण्याद्रीला गेलो. मी ठरवूनच गेले होते की आज हिच्या आधी गणपतीपुढे उभं राहायचं. पायऱ्या सुरू झाल्या तशी मी सुटले. माकडंसुद्धा बाजूला झाली. वर पोचले तेव्हा डोळ्यांपुढे काजवे आणि तोंडाला फेस. गणपती समोर होता की खांब, ते आजही सांगता येणार नाही. बऱ्याच वेळाने मंदा आली, आरती गुणगुणत. माझ्याशेजारी बसली, बाटलीचं झाकण काढलं.

"आक्का, आधी पाणी घ्या. श्वास येऊ द्या. मग काय शिव्या द्यायच्या त्या द्या."

"मी कशाला शिव्या देऊ गं?"

"मग एवढ्या पळत कुणासाठी आलात? गणपती काय एसटी हाय व्हय, निघून जायला?"

पाणी मात्र मी प्यायले. गार होतं. त्याचाही राग आला.

तिला हे उंचीचं वेड कसं लागलं, ते तिने आम्हाला टोमॅटो निवडताना सांगितलं. पुढे क्रेट, भोवती बायका. लेहला विमानातून उतरल्या उतरल्या दत्तूने बजावलं होतं, की पडून राहा, फौजेचा नियम आहे, नवीन माणसाने आधी नुसता आराम करायचा. पण नवीन घरात पहिल्याच दिवशी खाटेवर लोळणारी सून आमच्या तालुक्यात अजून जन्मली नाही.

"हे ड्युटीवर गेले," मंदा सांगत होती, "आणि मी कंबर खोचली. फरशी पुसली, ट्रंका हलवल्या, गाद्या झटकल्या. आता शेजारीण आली न् मी झोपलेली दिसली, तर निरगुडसरचं नाव काय राहील? संध्याकाळी डोक्यात असे घण पडाया लागले! आन् वकारी. चहा बघितला तरी वकारी."

"मग?" पारूबाई पुढे सरकल्या. या पारूबाई आमच्या भजनी मंडळाच्या पुढारी.

"मग काय! यांना वाटलं, गोड बातमी! सगळ्या लायनीत सांगून आले. एकीनं तर लोणचं आणून दिलं. मी बी लाजून घेतलं, खरंच वाटलं मला. दुसऱ्या दिवशी फौजेच्या डॉक्टरनी तपासलं न् म्हणाले, बाई, पोटात काय न्हाई. तुमी उंचावर आलाय, आन् आल्या आल्या हमाली केलीय. झोपा."

बायका हसून हसून क्रेटवर पालथ्या झाल्या. मी हसले नाही. कारण ती 'गोड बातमी' दत्तूने उत्साहाच्या भरात आमच्या शेजारच्या एसटीडी बूथवर फोन करून इकडेही कळवली होती, आणि त्या रात्री मी जेवले नव्हते. बातमी खोटी निघाली तेव्हा मला जे काही वाटलं ते देवाने पाहिलं असावं, कारण पुढे मंदाला लागोपाठ दोन मुलगे झाले आणि मला पुन्हा दोनदा जळावं लागलं.

दोन हजार सालानंतर तीन-चार वर्षांनी भजनी मंडळाने केदार-बद्रीला जायचं ठरवलं. ठरवलं मंडळाने, पण ताबा घेतला मंदाने. दत्तू तोवर पेन्शनीत आला होता आणि गुडघ्यांमुळे घरीच राहणार होता. पहिलं म्हणजे तिने सगळ्या बायकांना नारायणगावला डॉक्टरांकडे उभं केलं. कुणाचं प्रेशर, कुणाची साखर, कुणाच्या छातीचे ठोके. उंचीची गोळी कुणाला द्यायची, कुणाला नाही, ते डॉक्टर ठरवतील, एकीची गोळी दुसरीने तोंडात टाकायची नाही, असा दम. दुसरं, वाटेत जास्तीचा मुक्काम. गौरीकुंडाला पोचलं की एक दिवस नुसतं थांबायचं, मग निम्म्या वाटेवर रामबाड्याला रात्र काढायची, मग वर.

पारूबाई म्हणाल्या, "अगं, लोकं एका दिवसात जातात! आपुन काय म्हाताऱ्या झालो?"

मंदा म्हणाली, "पारूबाई, रोपवाटिकेतनं टमाट्याचा ट्रे आणला की लगीच लावता का रानात? झाडाखाली ठेवता, थोडं ऊन, थोडं वारं दाखवता, मग लावता. त्या रोपाची एवढी काळजी, आन् आपला जीव काय वाटेवर पडलाय?"

हे वाक्य मला सुचायला हवं होतं. रोपं आमच्या घरात मी सांभाळायचे. ती कधी ट्रेला हातही लावत नव्हती.

खरी लढाई पुढेच होती. आमच्या बायका शेवटच्या चढाला दर्शन होईपर्यंत पाण्याचा थेंब घेणार नव्हत्या. आणि उपास नसता तरी बसमध्ये पाणी प्यायचंच नाही हा आमचा कडक नियम, कारण वाटेत जायचं कुठे? मंदाने दोन्हींचा बंदोबस्त केला. उपासवाल्यांना म्हणाली, "महादेवानं जगासाठी इख पिलं, तुमाला त्याच्यासाठी पाणी पिववंना?" आणि दुसऱ्यासाठी तिने सासूबाईंचं जुनं नऊवारी बरोबर घेतलं. बस मोकळ्या जागी थांबवायची, दोघींनी लुगड्याची टोकं धरायची, झाला आडोसा. "बेलाशक प्या गं," ती ओरडायची, "लुगडं लई लांब हाय!" नारायणगाव ते गौरीकुंड, सासूबाईंचं लुगडं असं देशभर फडकलं. जित्या असत्या तर पुन्हा गेल्या असत्या.

आणि तिसरं होतं जोड्या लावणं. गौरीकुंडाच्या धर्मशाळेत तिने सगळ्यांना गोल बसवलं.

"उंचावर ज्याला हुतं, त्याला कळत न्हाई. त्याला वाटतं मी बरीच हाय. म्हणून दोघी-दोघी. आपल्या जोडीदारणीकडं बघत राहायचं. डोकं दुखतंय, मळमळतंय, तर जिथं हाय तिथंच थांबायचं, वर जायचं न्हाई. थांबून बी वाढलं, तर खाली. पण चालताना तोल गेला, काहीबाही बोलाय लागली, बसल्या जागी धाप लागली, तर ताबडतोब खाली. मग देऊळ समोर असूं द्या नाहीतर देव."

"तोल गेला कसं वळखायचं?" कुणीतरी विचारलं.

"बांधावरनं चालवायचं. काठीनं रेघ मारायची, टाचंला अंगठा लावून चालायला लावायचं. बांधावरनं पडली ती बाई खाली."

मग प्रत्येकीला मंदाच जोडीदारीण हवी. लेहला राहिलेली बाई, तिला काय होणार! मंदा म्हणाली, "लेहची सवय काय आयुष्यभर पुरती व्हय? उन्हात तापलेला पत्रा पावसात गरम ऱ्हातो का? मला बी जोडीदारीण लागंल." आणि सगळ्यांवरून नजर फिरवून माझ्याकडे बोट केलं. "आक्का."

मी मनात म्हटलं, घ्या. इथेही मला दावणीला बांधून ठेवणार. कारण माझा बेत वेगळा होता. उभ्या जन्मात एकदा, फक्त एकदा, मला मंदाच्या आधी कुठेतरी पोचायचं होतं. आणि ते कुठेतरी म्हणजे केदारनाथाचा उंबरा. गावी परतल्यावर मावंदं होणार. मोठ्या यात्रेहून आलं की आमच्याकडे गावजेवण घालतात, गंगेची पूजा होते. त्या मावंद्यात कुणीतरी विचारणार, पहिलं दर्शन कुणी घेतलं गं? आणि मी पदर सावरून खाली बघणार. एवढंच. त्यासाठी मी घरून निघाले होते. महादेवाला हे माहीत होतं, म्हणून पुढचं झालं असेल.

रामबाड्याची रात्र बरी गेली. सकाळी निघालो. वाट चांगलीच चढी, एका बाजूला नदीचा आवाज, वरून घोडे, खालून घोडे. मंदा मला पुढे जाऊ देत नव्हती, पाठोपाठ चालायला लावत होती, त्यामुळे मी तिच्या पाठीकडे बघतच चढत होते. आणि बघता बघता मला एकेक दिसायला लागलं.

ती पाणी पीत नव्हती. बाटली खांद्याला होती, पण झाकणाला हात नाही. थांबल्यावर सगळ्यांनी शेंगदाण्याचे लाडू खाल्ले, तिने हातातला लाडू दगडावर ठेवला आणि तसाच विसरली. पारूबाई भरभर पुढे गेल्या, तरी ती 'सावकाश' म्हणून ओरडली नाही. मला वाटलं, दमली. आणि खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. बाईसाहेब दमल्या!

मग वळण आलं आणि समोर कळस दिसला. बर्फाच्या भिंतीपुढे एवढंसं देऊळ. बायकांनी जयजयकार केला, कुणी रडायला लागलं. मंदा एका दगडावर टेकली. म्हणाली, "बसते जरा."

माझ्या पायात वारं शिरलं. हीच वेळ! मी तिला ओलांडून पुढे झाले. चांगली झपाझप पुढे झाले, आणि मग, आता सांगायला काय लाजायचं, मागे वळून बघितलं. नुसतं पोचून काय उपयोग? तिचा चेहरा कसा उतरतो ते बघायला नको?

चेहरा उतरला नव्हता. ती माझ्याकडे बघून हसत होती. तिचा पदर खांद्यावरून ओघळून चिखलात पडला होता, टाचणी तशीच लोंबत होती, आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

"आक्का," ती म्हणाली, "किती छान चालता तुमी! मला शिकवा ना."

इतक्या वर्षांत या बाईने माझं कधी कौतुक केलं नव्हतं. केलंच असतं तरी असं गोड, असं साखरेत घोळलेलं नव्हे. ही मंदा नाही. हिचं डोकं ठिकाणावर नाही.

मी परत आले. काठीने चिखलात रेघ मारली. "ऊठ मंदे. बांधावरनं चाल."

"कुणाचा बांध हाय हा?" ती रेघेकडे बघत म्हणाली. "दत्तूचा? दत्तूला म्हणावं पाणी सोड. रोपं सुकली."

पारूबाईंनी तोंडावर हात ठेवला. आमच्या घरात नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नाही. मंदा तर मतदानाच्या बाईंसमोरही नवऱ्याचं नाव सांगायला मला पुढे करायची. पहिलं पाऊल रेघेवर पडलं, दुसरं भलतीकडे, आणि तिसऱ्याला ती माझ्या अंगावर आली.

"दमलीय ओ," पारूबाई म्हणाल्या. "हात धरून नेऊ. कळस तर दिसतोय. वर दवाखाना बी हाय म्हणत्यात. एवढ्या जवळ येऊन माघारी?"

"माघारी," मी म्हटलं.

"आक्का, देव कोपंल."

"कोपू द्या. तिनंच सांगितलंय न्हवं, देव समोर असला तरी खाली! तुमी व्हा पुढं. माझा बी नमस्कार घाला."

मंदा हट्टाला पेटली. मला काही झालं नाही म्हणे, तुम्हीच खाली जा. ज्याला होतं त्याला कळत नाही, हे तिचंच वाक्य मी तिला ऐकवलं, तर म्हणाली, "असं कुठली येडी म्हणाली?" शेवटी एका कंडीवाल्याला थांबवलं. कंडी म्हणजे पाठीवरची वेताची टोपली, माणूस त्यात उलटं बसतं, चालणाऱ्याच्या पाठीला पाठ लावून. मंदाला त्यात बसवलं, पदर उचलून दोन्ही टाचण्या नीट लावल्या आणि उतरायला लागलो.

उलटी बसल्यामुळे ती सगळी वाट वर बघत होती, देवळाकडे. आणि तिच्या मागून मी चालत होते, म्हणजे तिच्या समोर. कळस माझ्या पाठीशी. माझ्या वाट्याला दर्शन आलं ते मंदाच्या तोंडाचं. राखाडी पडलेलं, डोळे कुठेतरी. अख्ख्या वाटेत मी तिच्यावर चिडत होते. मेली, मर म्हटलं की मरते असं कुठे असतं का! उभा जन्म मला पुढे जाऊ दिलं नाहीस, आणि आता एकदम वाट मोकळी करून देतेस? असं जिंकून मी काय करू? जिंकलेलं दाखवू कुणाला?

खाली गौरीकुंडात दवाखाना होता. त्यांनी नाकाला नळी लावली, इंजेक्शन दिलं. डॉक्टर म्हणाले, वेळेत उतरवलंत. मी बाहेरच्या बाकावर बसले. दिवस कलता कलता आतून हाक आली. तीच, जुनी, खणखणीत.

"आक्का! पाणी पिलात का तुमी? आन् ही टाचणी कुणी लावली? वाकडी लावलीय."

मला रडू आलं. आणि लगेच रागही आला, हे बरं झालं, नाहीतर तिला दिसलं असतं.

मी म्हटलं, "मंदे, एक सांग. एवढ्या बाया जीव टाकतात तुझ्यावर. जोडीला मलाच का घेतलंस?"

ती उशीवर डोकं टेकून छताकडे बघत होती. "त्या माया करतात हो. पदर पडलेला दिसला तर म्हणतील, दमली बिचारी, बसू द्या. तुमचं तसं न्हाई. लगीन हून आले त्या दिवसापासून तुमची नजर माझ्यावरनं हलली न्हाई. माझं इकडचं तिकडं झालं की तुमालाच पहिलं दिसणार." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मला काय दिसत नव्हतं व्हय?"

मी म्हटलं, "झोप आता." इतकी वर्षं मी लपवलं होतं. आणि ही बया त्याच्या भरवशावर डोंगर चढायला निघाली होती.

मावंदं दणक्यात झालं. 'तुमच्या दोघींचं दर्शन न्हाई झालं, मग मावंदं कसं?' असं कुणीतरी म्हणालं, तर मंदाने सांगितलं, "कळस दिसला. आमच्या आक्कांनी मला उलटं बसवून पाक नदीपर्यंत कळस दाखवला. एवढं लांबलचक दर्शन हाय का कुणाचं?" पंगत वाहवा करत होती. हारही तिलाच घातला. म्हणजे आजारी पडायचं तिने, उचलून आणायची मी, आणि हार पुन्हा तिलाच! मी बुंदी वाढत वाढत तिच्यापुढे आले आणि मुद्दाम एक चमचा कमी वाढला. तिने वर बघितलं. "आक्का, अजून एक."

तिला दिसलंच.

पुढे माझेही गुडघे गेले आणि तिच्या यात्रा चालू राहिल्या. शेवटची यात्रा करून ती सुखरूप परत आली, तेव्हा मी लेकीकडे महाळुंगे पडवळला होते. मी घरी यायच्या आतच ती गेली. उंचीने नाही हो. दुपारची जेवली, बाटलीतलं पाणी प्यायली, जरा आडवी होते म्हणाली, आणि उठलीच नाही. कुठला त्रास नाही, कुणाची सेवा नाही. तिथेही माझ्या आधी नंबर लावला. थोरली मी आहे, हे वर तरी कुणी बघतं की नाही?

म्हणून मला ती दिसते ती अजूनही नारायणगावच्या स्टँडवर, त्या शेवटच्या यात्रेला निघालेली. बस भरलेली, बायकांचा कल्ला, मांडीवर सासूबाईंच्या लुगड्याची घडी, खांद्याला हिरवी बाटली. मी खाली काठी टेकून उभी. ती खिडकीतून म्हणाली, "यावेळी जोडीदारीण म्हणून कुणाला घेऊ, आक्का?"

"घे की. लई हायेत तुझ्या मायेच्या."

ती हसली आणि आत वळून कुणालातरी पाणी प्यायला सांगू लागली. बस हलली. तेवढ्यात मला दिसलं. तिच्या खांद्यावरची टाचणी निघाली होती आणि पदर खिडकीबाहेर आला होता, वाऱ्यावर. बसभर बायका तिच्याकडेच बघत होत्या आणि एकीलाही दिसला नव्हता.

मी काठी उगारून ओरडले, "मंदे, पदर!"

तिने मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. नुसता हात बाहेर काढला, पदर आत ओढून घेतला, आणि तो हात तसाच, मला दिसेल असा, वळणापर्यंत हलवत राहिली.